मस्टरवरचं नाव खोडलं म्हणून नोकरी संपत नाही

प्रश्न: बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझं मशीन शॉप आहे, १४ कामगार. खानापूर तालुक्यातला एक टर्नर सात वर्षं कामाला होता. भातलावणीला म्हणून दोन दिवसांची रजा घेऊन गेला, तो १९ दिवस आला नाही. रजिस्टर पोस्टानं इंग्रजीत पत्र पाठवलं, ते परत आलं. मग मस्टरवरून नाव कमी केलं. नंतर तो आला, पण मी आत घेतलं नाही. आता कामगार खात्याकडून तडजोडीच्या बैठकीची नोटीस आली आहे. कोल्हापूरचे पाहुणे म्हणतात, स्वतःहून काम सोडणाऱ्याला काही द्यावं लागत नाही. भरतीच्या वेळी त्याची कोऱ्या कागदावर सही घेतली होती, ती चालेल का?

उत्तर: आधी त्या कोऱ्या कागदाचं बोलतो. त्यावर राजीनामा लिहू नका. तो बनावट दस्तऐवज ठरेल आणि आज पैशांत मिटणारं प्रकरण फौजदारीत जाईल. इतर कामगारांचेही असे कागद घेतले असतील, तर ते ज्याचे त्याला परत करा.

आता मूळ मुद्दा. तो स्वतःहून गेला, हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. काम सोडण्याचा इरादा नुसत्या गैरहजेरीतून दिसत नाही आणि इथं तर माणूस परत येऊन गेटवर उभा राहिला. डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या १९९३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं आहे. आठ दिवसांहून जास्त गैरहजर राहिल्यास नाव कमी होईल, असा तिथल्या स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या लेखी सेवानियमांत, नियमच होता. तरीही म्हणणं न ऐकता काढणं बेकायदा ठरलं, कामगार परत कामावर आला आणि मागचा निम्मा पगार मिळाला. तुमच्याकडे तर तसा नियमही नाही.

तुम्ही पाठवलेल्या लिफाफ्याच्या फोटोवर त्याच्या बेळगावातल्या भाड्याच्या खोलीचा पत्ता आहे, शेजारी पोस्टमनचा शेरा: ‘लेफ्ट’. त्याच फाइलमधल्या आधारच्या झेरॉक्सवर गावचा पत्ता स्पष्ट वाचता येतो. शिवाय पत्र इंग्रजीत. ज्याला आरोप कळलाच नाही, त्यानं खुलासा काय करायचा? आपल्या भागात हे सर्रास चालतं आणि मालक हरतात ते इथंच. नोटीस मराठीत लिहा, कार्यालयासाठी कन्नड प्रत जोडा.

पाहुण्यांचा सल्ला बाजूला ठेवा, ते महाराष्ट्रातले. कामगार संघटना आणि अनुचित कामगार प्रथांबाबतचा १९७१ चा कायदा महाराष्ट्राचा आहे, कर्नाटकातल्या उद्यमबागेला तो लागू नाही. काम जिथं, तिथला कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्या, तरी चौकशीशिवाय कामगाराला काढता येतं असं त्यांतही कुठं नाही.

ग्रॅच्युइटीचा हिशेबही मनात धरा. दहा किंवा जास्त कामगार असले की ती लागू होते. त्याचं वेतन, समजा, १५,६०० असेल तर भागिले २६, गुणिले १५, गुणिले सात वर्षं: ६३,००० रुपये. नोकरी कशीही संपली तरी हे द्यावंच लागेल. नुकसान, हाणामारी किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा यांसाठी काढलं तरच ती अडवता येते. गैरहजेरी त्यात बसत नाही.

माझा सल्ला: बैठकीच्या तारखेआधीच त्याच्या गावच्या पत्त्यावर मराठीत पत्र पाठवा, ‘जुनी सेवा कायम धरून कामावर हजर व्हा’. मधल्या दिवसांच्या पगारावर बैठकीत तडजोड करा. त्या १९ दिवसांबद्दल कारवाई करायचीच असेल, तर तो रुजू झाल्यावर आरोपपत्र द्या, त्याचं ऐका, मग ठरवा. तो आजारी होता का आणि ईएसआय (कामगार विमा) दवाखान्याचा दाखला आहे का, हेही विचारा. दाखला असेल तर कारवाईचा विषय सोडून द्या.

बैठकीला मस्टर, पगारपत्रक आणि तो परत आलेला लिफाफा घेऊन जा. लिफाफा फोडला नसेल तर तसाच राहू द्या.