पहिलं लहान रिव्हॉल्व्हर: सगळ्यात हलकं घेऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ह्यूस्टनला राहता, ग्रीन कार्ड आहे, आजवर कधी बंदूक हाताळलेली नाही, लपवून बाळगायला लहान रिव्हॉल्व्हर घ्यायचं आहे, आणि दुकानदार म्हणतोय की सर्वांत हलकं घ्या, खिशात कळणारही नाही. तर घ्यावं कोणतं?

आधी कायद्याचं, कारण इथे आपली माणसं गोत्यात येऊ शकतात. ग्रीन कार्ड असेल तर अडचण नाही. पण एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मुळात बंदी आहे. मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. मित्राला ‘जरा धरून बघ’ म्हणण्याआधी त्याचा व्हिसा कोणता हे आठवा. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षं पूर्ण झालेल्या पात्र माणसाला परवान्याशिवायही हँडगन बाळगता येते. तरीही परवाना काढाच. दुसऱ्या अनेक राज्यांत तो चालतो, आणि शाळेच्या हजार फुटांच्या आत हँडगन नेण्यावर जो केंद्रीय निर्बंध आहे, त्यातून शाळा ज्या राज्यात आहे त्या राज्याचा परवाना असलेल्याला सूट मिळते.

आता दुकानदाराच्या सल्ल्याकडे. खिशात कळत नाही ते रिव्हॉल्व्हर झाडताना मात्र चांगलंच कळतं. लहान रिव्हॉल्व्हर नवख्याला सोपं असतं हा समज उलटा आहे. ते कसं वापरायचं हे समजायला सोपं, पण नेम धरायला सगळ्यात अवघड. अशा रिव्हॉल्व्हरचं वजन एक पौंडाच्या आतबाहेर असतं, आणि चाप पूर्ण ओढायला साधारण बारा पौंड, म्हणजे साडेपाच किलो जोर लागतो. वस्तूच्या वजनाच्या बारापट जोर एका बोटाने लावायचा आणि नळी हलू द्यायची नाही! त्यात नळी जेमतेम दोन इंचांच्या आसपासची, त्यामुळे माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) आणि मागची खाच यांच्यातलं अंतर अगदी कमी. हात केसभर सरकला की गोळी वीतभर बाजूला.

म्हणून माझं मत: कमरेला लावणार असाल तर पोलादी घ्या. स्मिथ अँड वेसनचं ६४० (साधारण २२ औंस) किंवा रूगरचं एसपी१०१ (२५ औंसांच्या आसपास). दोन्हींत पाच गोळ्या. ही .३५७ मॅग्नम या जास्त जोराच्या काडतुसाची असली तरी त्यात .३८ स्पेशलची सौम्य काडतुसं बेलाशक चालतात, आणि तुम्ही तीच वापरा. उलटं चालत नाही: .३८च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३५७ नाही. खिशातच ठेवायचं असेल तर स्मिथ अँड वेसनचंच ६४२ (१५ औंसांच्या आत, ॲल्युमिनियमचा सांगाडा) किंवा रूगर एलसीआर, .३८मधलं (साडेतेरा औंस). या दोघांत मी नवख्याला एलसीआर सुचवेन. त्याचा चाप सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा सरकतो, शेवटी एकदम अडत नाही. वरच्या चारपैकी तीन मॉडेलांत घोडा (चाप ओढला की मागून आपटणारा भाग) आतच असतो, कपड्यात अडकत नाही. एसपी१०१ घेताना मात्र बिनटोकाच्या घोड्याचं मागून घ्या.

बारा औंसांच्या आतली, स्कँडियम या हलक्या मिश्रधातूच्या सांगाड्याची .३५७ रिव्हॉल्व्हरं पहिल्या खरेदीत घेऊ नका. एक तर पाच गोळ्यांत तळहात झिणझिणतो आणि माणूस सरावच सोडून देतो. दुसरं, धक्का इतका जोराचा की न झाडलेल्या काडतुसांमधल्या गोळ्या आपल्या पुंगळीतून पुढे सरकतात. एखादी सिलिंडरच्या (काडतुसं बसतात त्या फिरत्या नळकांड्याच्या) बाहेर डोकावली की सिलिंडर फिरत नाही, रिव्हॉल्व्हर ठप्प. कोणत्याही हलक्या रिव्हॉल्व्हरची ही चाचणी करा: चार गोळ्या झाडा, पाचवं काडतूस काढून नव्याशेजारी उभं करा. लांबी वाढली असेल तर तो माल त्या रिव्हॉल्व्हरला नको.

काडतुसं निवडताना आखूड नळी लक्षात ठेवा. होलो पॉइंट (टोकाला खड्डा असलेली) गोळी लागल्यावर फुलायला वेग लागतो, तो इथे कमी पडतो. म्हणून आखूड नळीसाठीच बनवलेला माल बघा, उदाहरणार्थ स्पीअर गोल्ड डॉटचा १३५ ग्रेन (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). त्याचा धक्का सोसत नसेल तर १४८ ग्रेनचं वॉडकटर. चपट्या तोंडाची गोळी, धक्का सौम्य, आणि सरावाला तर याहून चांगलं काही नाही. गावाकडे ‘बत्तीसचं रिव्हॉल्व्हर’ ऐकलेलं असेल. ते काडतूस वेगळं, त्याची इथे गल्लत नको.

.२२चं घेऊ का, असंही पुष्कळ जण विचारतात. हाताला संधिवात असल्याने धक्का सोसत नसेल तर जरूर. पण .२२चं रिमफायर काडतूस (ज्याची पेटवण बुडाच्या कडेत असते) न पेटण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि त्याचा चाप बहुधा आणखी जड.

पकड दाखवतो. मूठ जितकी वर धरता येईल तितकी वर. दुसऱ्या हाताचा अंगठा आडवा, पण त्या हाताचं कोणतंही बोट सिलिंडरच्या पुढच्या कडेपर्यंत जाता कामा नये. सिलिंडर आणि नळी यांच्यात बारीक फट असते, तिथून तप्त वायू कडेला फेकला जातो आणि बोट फाडतो. पिस्तुलाची सवय असलेले लोक हीच चूक करतात.

रिकाम्या पुंगळ्या काढताना नळी आभाळाकडे, आणि सिलिंडरच्या पुढच्या, पुंगळ्या ढकलणाऱ्या दांडीवर तळहाताने एकच जोरदार ठोका. या लहान रिव्हॉल्व्हरांची दांडी आखूड असते, ती पुंगळी पूर्ण बाहेर ढकलत नाही. उरलेलं काम वजन आणि ठोका करतो. नळी आडवी धरून हळूच दाबलं तर एखादी पुंगळी चांदणीखाली (दांडीला जोडलेल्या, पुंगळ्या उचलणाऱ्या चकतीखाली) अडकते, आणि ती काढायला वेळ आणि नखं दोन्ही लागतात.

घरी सराव रिकाम्या रिव्हॉल्व्हरने करा: काडतुसं दुसऱ्या खोलीत, सिलिंडर दोनदा बघितलेलं, समोर भक्कम भिंत. माशीवर डोळा ठेवून चाप एका लयीत ओढायचा, माशी हलली की पुन्हा. रोज वीस वेळा पुरे. .२२ मात्र डमी काडतुसाशिवाय रिकामं ओढू नका, पिन चेंबरच्या कडेवर आपटते.

खिशात ठेवाल तर चाप पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरमध्येच, आणि त्या खिशात दुसरं काहीही नको. किल्ली, चिल्लर, पेन, काही नाही. घरात मुलं असतील तर अंगावरून उतरलं की थेट कुलूपबंद पेटीत.

घेण्याआधी रेंजवर ६४२ आणि ६४० भाड्याने घेऊन दोन्हींत एकाच प्रकारची काडतुसं पाच-पाच झाडा. परवान्याच्या चाचणीत ३, ७ आणि १५ यार्डांवरून एकूण ५० गोळ्या असतात. सात यार्डांवरून पाचही गोळ्या वहीच्या पानावर बसवून देणारं कोणतं, ते त्या दिवशी कागदच सांगेल. तेच घ्या.