नुसतं पीएचचं टेबल पुरतं का?

प्रश्न: एका प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल वाचला. माती आणि भूगर्भाच्या चॅप्टरमध्ये पीएच (माती आम्ल की अल्कधर्मी ते), नत्र-स्फुरद-पालाशचे आकडे आणि एक नकाशा, बास. एवढं पुरतं का हो?

उत्तर: नाही पुरत. ते आकडे शेतकऱ्याला खत किती टाकायचं ते सांगतात, प्रकल्पाने जमिनीचं काय होणार ते नाही. आधी बघा खड्डा खणून थर मोजलेत का, म्हणजे वरची काळपट, मुळं असलेली माती किती खोल आहे, कारण ती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि डंपर फिरले की एका दिवसात दाबली जाते. पोत, म्हणजे माती किती वाळूची आणि किती चिकण, तो तर हातानेही कळतो, ओली माती अंगठ्याने दाबत पट्टी काढा, ५ सेंमीपेक्षा लांब निघाली तर चिकणमाती, म्हणजे ओल्यात मशीन घातलं की वाट लागली. आणि ती वरची माती वेगळी काढून कुठे, किती उंच ढिगात ठेवणार ते लिहिलंय का बघा, बहुतेक वेळा नसतंच!

भूगर्भाचं म्हणाल तर खडकाचं नाव कळून काय उपयोग, भेगा किती आहेत आणि भूजल किती खोलीवर आहे ते हवं, सांडलेलं डिझेल त्याच वाटेने खाली जातं.