अर्ध्या पानाचे टिपण

प्रिय,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ‘काम चोख आहे, पण दूरचा विचार दिसत नाही’ हा अप्रेझलमधला शेरा तुझ्या मनाला लागला आहे आणि तो पुढच्या वर्षी पुसला जावा यासाठी काय करावे, असे तू विचारतेस. भोसरीत नियोजन विभागात असताना मी स्वतः केलेली एक चूक सांगतो. त्यातून माझे म्हणणे कळेल.

आम्ही दुचाकींच्या कार्ब्युरेटरचे, म्हणजे इंजिनात हवा आणि इंधन मिसळून सोडणाऱ्या यंत्राचे, सुटे भाग ओतत होतो. वाहनांच्या धुरातल्या प्रदूषणावर मर्यादा घालणाऱ्या ‘भारत स्टेज’ (बीएस) नियमांतला बीएस-५ चा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६ लागू करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्येच जाहीर केला होता. तारीख पुढे ढकलली जाईल अशी आशा पुष्कळांना होती. परंतु मार्च २०१७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने बीएस-३ वाहनांची विक्री १ एप्रिलपासून बंद केली आणि उरलेल्या दुचाकी घसघशीत सवलतीत खपवताना विक्रेत्यांची जी तारांबळ उडाली, ती पाहिल्यावर त्या आशेत अर्थ राहिला नव्हता. नव्या मर्यादा पाळायच्या तर इंधन काटेकोर मोजून सोडावे लागणार, म्हणजे बहुतेक दुचाकींतून कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन येणार, हे आम्ही रोज चहाच्या टपरीवर बोलत होतो. तरीही २०१८ च्या दिवाळीनंतर एक डाय (ओतकामाचा साचा) झिजली, तेव्हा तशीच नवी डाय मागवण्याच्या कागदावर मी नेहमीच्या सवयीने सही केली. ती तयार होऊन नमुने मंजूर होईपर्यंत सहा महिने गेले, आणि पुढच्या वर्षभरात ती ग्रीस लावून रॅकवर चढली. टपरीवर जे मला ठाऊक होते, ते टेबलावर सही करताना आठवले नाही.

माझ्या सहीनंतर थोड्याच दिवसांत स्टोअरमधल्या एका कनिष्ठ सहकाऱ्याने साहेबांना अर्धे पान लिहून दिले. त्यात चार रकाने होते: भाग कोणता, त्याची शेवटची ऑर्डर अंदाजे केव्हा, हातात माल किती आणि निर्णय कोणत्या महिन्यापर्यंत हवा. खाली दोन ओळी होत्या, की झिजलेल्या डाय दुरुस्त करून उरलेला काळ काढता येईल, मात्र रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, थोडे वाढेल, ते सोसावे लागेल. साहेबांनी तो कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला. माझी डाय हातची गेली होती, पण पुढच्या तीन मागवायच्या वाचल्या, आणि नंतरच्या आढावा बैठकीला त्याला आवर्जून बोलावणे गेले. (‘आव्हाने आणि संधी’ या मथळ्याचे माझे बावीस स्लाइडचे सादरीकरणही त्याच वर्षीचे, ते आज मलाही आठवत नाही.)

तेव्हा खरेदीचा किंवा नियोजनाचा कोणताही कागद पुढे आला, की तो कोणत्या गृहीतकावर उभा आहे आणि ते गृहीतक कधीपर्यंत टिकेल, हे आधी स्वतःला विचार. उत्तर संशयास्पद वाटले तर बैठकीची वाट न पाहता लिहून दे. त्यात खर्च लिही, पर्याय लिही, आणि त्या पर्यायात काय गमवावे लागेल तेही लपवू नकोस. गमावण्याची बाजू ज्या टिपणात नसते, त्यावर अनुभवी माणूस विश्वास ठेवत नाही. ‘व्हिजन’, ‘रोडमॅप’ हे शब्द मात्र तूर्त बाजूला ठेव. रोजचे डिस्पॅच चुकवून असली टिपणे लिहू नकोस, हे तुला सांगायला नको. कधी तुझाच मुद्दा साहेब वरच्या बैठकीत स्वतःचा म्हणून मांडतील. राग येईल, पण टिपण मेलवर तारखेसह असले म्हणजे पुरे, ते कोणाचे हे विभागात सगळ्यांना कळते.

तुझ्याकडे सायलेन्सरच्या भागांचे नियोजन आहे, असे तू लिहिले आहेस. विजेवरच्या स्कूटरला सायलेन्सर लागत नाही, हे तुमच्या कॅन्टीनमध्येही बोलले जात असेलच. येत्या सहा महिन्यांत कोणती प्रेस टूल्स (पत्र्याला आकार देणारे साचे) बदलायला येणार आहेत, त्यांची यादी टूलरूममधून घे, ती ज्या गाड्यांच्या भागांसाठी आहेत त्यांतले कोणते मॉडेल किती वर्षे चालेल याचा अंदाज विक्री विभागाला विचार, आणि अर्धे पान लिहून साहेबांना देण्याआधी मला पाठव. निर्णयाच्या तारखेचा रकाना मात्र रिकामा ठेवू नकोस.

तुझा,
जुना सहकारी