पंधरा वर्षांचा भाचा नववीतून शाळा सोडून टोळक्यात फिरतोय. सोलापुरात पोलीस, शाळा, महिला व बाल विकास ही खाती एकमेकांशी बोलतात का? आधी कुणाकडे जायचं?

बोलतात, पण बहुतेक वेळा गुन्हा घडल्यावर. सोलापूरच्या पूर्व भागात तीस वर्षं मास्तरकी केली, त्यावरून सांगतो.

माझ्या वर्गातला एक पोरगा मोबाइल चोरीत सापडला. आई विड्या वळायची, तिला काही सुधरेना, म्हणून मी सोबत पोलीस ठाण्यात गेलो. तिथं मात्र सगळं शिस्तीत होतं. अशा मुलाला कोठडीत टाकता येत नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढं न्यावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी, दोन सामाजिक कार्यकर्ते. परिविक्षा अधिकारी (मुलाच्या घरची परिस्थिती तपासणारे) त्याच्या घरी येऊन गेले, मग मला विचारलं, "शाळेत कधीपासून येत नव्हता?" आठ महिने. हजेरीपटात ते आठ महिने लाल शाईत होते. तोवर कुणी विचारलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मीही कुणाला कळवलं नव्हतं.

तुमचा भाचा पंधराचा आहे, आणि घोळ नेमका तिथंच आहे. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा. चौदा पूर्ण झाले की बालमजुरीची सरसकट बंदीही उठते, फक्त धोकादायक कामं वर्ज्य राहतात. म्हणजे शिक्षण खातं हात झटकतं, कामगार खातं झटकतं, आणि पोलिसांच्या कागदावर पोरगं अजून आलेलं नसतं. त्यात आपल्याकडं शहराला पोलीस आयुक्तालय आणि तालुक्यांना ग्रामीण पोलीस. घर शहराबाहेर कुंभारी गावात, अड्डा शहरात, असली पोरं दोघांच्या मध्ये राहतात. २०२१ च्या दुरुस्तीनं बालकल्याण समिती (अडचणीतल्या मुलांबाबत निर्णय घेणारी), बाल संरक्षण कक्ष (मुलांच्या संरक्षणाचं जिल्ह्याचं कार्यालय) यांच्यावरची देखरेख जिल्हाधिकाऱ्यांकडं दिली, ते बरं झालं. पण शाळेतून नाव कळलंच नाही, तर जिल्हाधिकारी तरी काय करणार?

म्हणून तुम्हीच कळवा. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन भेटा. 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' म्हणून त्याला बालकल्याण समितीपुढं नेता येतं, त्यासाठी गुन्हा घडावा लागत नाही. तिथं गेल्यावर नाव गुन्हेगारांच्या यादीत चढतं, ही भीती आपल्याकडं खोलवर आहे. सेटलमेंटच्या, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना डांबलेल्या वसाहतीच्या गावात ती असणारच. जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा जायला १९५२ उजाडलं. पण समितीचं काम वेगळं आहे. मुलाचं नाव छापायलाही कायद्यानं बंदी आहे.

टोळक्यातला कुणी मोठा माणूस त्याच्याकडून सामान पोचवून घेत असेल, तर ते बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याला सांगा. प्रत्येक ठाण्यात एक नेमलेला असतो. मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपये दंड आहे. 'भाई'च्या कानावर हा आकडा गेला तरी बराच फरक पडतो, हा माझा अनुभव.

आणि त्याला परत नववीत बसवायचा हट्ट नको, लहान पोरांत बसायला लाजतो. आठवी पास आहे ना? वेल्डर, वायरमनसारखे आयटीआयचे काही ट्रेड आठवीवर मिळतात. विजापूर रोडच्या शासकीय आयटीआयत त्यालाच घेऊन जा आणि चौकशी त्यालाच करू द्या, तुम्ही बाहेर थांबा.