संरक्षक भिंतीमागच्या जिओटेक्स्टाइलची, म्हणजे पाणी जाऊ देऊन माती अडवणाऱ्या कापडाची, छिद्रं मातीच्या बारीक कणांपेक्षा मोठी असतात, मग माती वाहून का जात नाही?

कारण खरं गाळण्याचं काम कापड एकटं करत नाही, त्याच्या मागची माती करते.

संरक्षक भिंतीमागे खडीभोवती गुंडाळतात त्या नमद्यासारख्या, न विणलेल्या कापडाची छिद्रं साधारण ०.१ ते ०.२ मिमीची. चिकणमातीचा कण ०.००२ मिमीहूनही बारीक, म्हणजे तो सहज निसटणार. सुरुवातीला निसटतोही, नवीन निचऱ्यातून थोडा वेळ गढूळ पाणी येतं ते त्यामुळेच. पण जाडसर कण छिद्रांच्या तोंडाशी अडकतात, एकमेकांना टेकून कमान धरतात. त्यांच्यामागे मध्यम कण थांबतात, त्यांच्यामागे बारीक. काही काळात कापडाला लागून मातीचीच गाळणी तयार होते आणि पाणी स्वच्छ येऊ लागतं.

म्हणून छिद्र निवडताना सर्वांत बारीक कण बघत नाहीत, जाडसर कण बघतात: वजनाने ८५ टक्के माती ज्या मापाहून बारीक असते, ते माप. शिवाय कापडातून पाणी मातीपेक्षा जास्त वेगाने जायला हवं, नाहीतर भिंतीमागे दाब साठतो.

साइटवर घोळ होतो तो वेगळाच. कापड सैल, सुरकुत्या पडलेलं टाकतात. मागे पोकळी राहिली की कमान बनतच नाही, गाळ येऊन कापडावर लेपासारखा बसतो. स्वस्तात मिळतं म्हणून ताडपत्रीसारखं पट्ट्यांचं विणलेलं कापड तर इथे वापरूच नका. निव्वळ पोयटा (सिल्ट) किंवा मधल्या मापाचे कण नसलेली माती असेल, तर आधी प्रयोगशाळेत चाचणी करून घ्या.