डेस्कटॉप दुपारी आपोआप बंद पडतो. मदरबोर्ड बदलावा का?

तुम्ही लिहिले आहे की सोलापुरात पूर्व भागातील घरी असलेला तुमचा सहा वर्षांचा डेस्कटॉप महिनाभरापासून चालता चालता एकदम बंद पडतो, सकाळी बराच वेळ नीट चालतो पण दुपारी अर्ध्या-पाऊण तासातच जातो, विंडोज नव्याने टाकूनही फरक पडला नाही, आणि आता दुकानदाराने मदरबोर्ड बदलायला सांगितला आहे. मी सोलापुरातच अनेक वर्षे संगणक दुरुस्तीचे काम करतो. माझे म्हणणे असे की मदरबोर्डसाठी अजून एक रुपयाही देऊ नका. तळमजल्यावर यंत्रमाग चालतात, हे तुम्ही ओघात लिहून पुढे गेला आहात, पण संपूर्ण प्रश्नात मला तेच वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटले.

आधी यंत्र नेमके कसे बंद पडते ते पाहा. निळा पडदा येऊन किंवा न येता ते आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर संशय रॅमवर किंवा एखाद्या ड्रायव्हरवर (सुटे भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर) जातो. पण दिवे, पंखे सगळेच एका क्षणात थांबत असतील, तर वीज तोडली गेली आहे, आणि त्याचा विंडोजशी सहसा संबंध नसतो. नव्याने विंडोज टाकून काही साधले नाही ते बहुधा यामुळेच. खात्री करायची असेल तर संगणक सुरू करून बायोसच्या, म्हणजे विंडोजआधीच्या सेटिंगच्या, पडद्यावर तासभर तसाच ठेवा. तिथेही तो बंद पडला, तर विंडोज निर्दोष ठरते, कारण त्या वेळी ते सुरूच झालेले नसते.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत सिस्टीमच्या नोंदींत तुम्हाला ‘कर्नेल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसेल. हे नाव वाचून अनेक जण लगेच नवा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा आतला डबा) विकत आणतात, आणि ते पाहून मला दर वेळी वाईट वाटते. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. का झाले नव्हते हे ती सांगत नाही. ६००८ क्रमांकाची नोंद त्यापेक्षा उपयोगी पडते, कारण तिच्यात आधीच्या अनपेक्षित बंद होण्याची वेळ दिलेली असते. अशा पाच-सहा नोंदींतील वेळा कागदावर उतरवून काढा आणि त्या दुपारीच एकवटतात का ते पाहा.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय उष्णतेवर आहे. हीटसिंक (प्रोसेसरवर बसवलेला, उष्णता शोषणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) आणि पंखा प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत, त्यामुळे सकाळी २८ अंश असलेली खोली दुपारी ३८ अंशांवर गेली की प्रोसेसरचे तापमानही साधारण तितकेच वर सरकते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० च्या पुढे जातो, तेव्हा यंत्राला आधीच फारशी सवलत उरलेली नसते. त्यात मागांवरून उडणारे सुताचे बारीक तंतू. साधी धूळ हीटसिंकच्या पात्यांमधून काही प्रमाणात निघून तरी जाते, पण तंतू एकमेकांत गुंततात आणि पंख्याच्या बरोबर खाली जाड कापडासारखा थर धरतात. वरून पाहिले तर पंखा जोरात फिरताना दिसतो, हवा मात्र खाली पोहोचत नाही. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याच्या कार्यालयात मी असाच संगणक पाहिला होता. त्याचा एसएमपीएस आणि रॅम दोन्ही आधी बदलून झाले होते. मी पंखा काढून तो थर चिमटीत धरून उचलला, तेव्हा तो अखंड चौकोनी तुकडा म्हणून हातात आला. त्यानंतर दुसरे काहीही करावे लागले नाही.

घरच्या घरी परीक्षा सोपी आहे. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घालून प्रोसेसरचे तापमान पाहत राहा. उन्हाळ्यात काम नसताना ४५ ते ५५ आणि भरपूर काम असताना ८० च्या आसपास आकडा असेल तर मी काळजी करणार नाही. पण काम सुरू करताच काही सेकंदांत तो ९५ ते १०० वर उडी मारत असेल, तर उष्णता बाहेर पडत नाही हे उघड आहे. बहुतेक प्रोसेसर त्या टप्प्यावर आधी स्वतःचा वेग कमी करतात आणि तेवढ्यानेही भागले नाही तरच वीज तोडतात. म्हणून बंद पडण्याआधी काही वेळ संगणक मंदावत होता का, हे आठवून पाहा. आणखी एक खूण अशी की पहिल्यांदा चाळीस मिनिटे चाललेले यंत्र लगेच सुरू केल्यावर पाच मिनिटांत पुन्हा बंद पडते, पण तासभर थांबल्यावर पूर्ववत चालते.

सफाई करताना वायर भिंतीतून काढा आणि मऊ ब्रशने तंतू आधी सोडवून मगच ब्लोअर मारा. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, कारण वाऱ्याने तो भलत्या वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. कूलर, म्हणजे हीटसिंक आणि पंख्याची जोडी, काढलाच, तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली उष्णता वाहून नेणारी जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. इंटेलच्या सोबत येणाऱ्या कूलरला चार खुंट्या असतात. त्यातली एक जरी सैल राहिली तरी कूलर नीट टेकत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते. प्रोसेसर एएमडीचा असेल तर आधी संगणक दहा मिनिटे चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, मग वायर काढून कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत उचला, नाहीतर अनेक प्रकारच्या सॉकेटमधून (प्रोसेसर बसतो त्या खाचेतून) प्रोसेसरच कूलरला चिकटून बाहेर येतो आणि त्याच्या पिना वाकतात.

तापमान ठीक असूनही यंत्र बंद पडत असेल, तर एसएमपीएस आणि यूपीएस यांच्याकडे वळा. बंद पडल्यावर बटण दाबून काहीच होत नसेल आणि भिंतीवरचा स्विच बंद करून पुन्हा चालू केल्यावरच यंत्र उठत असेल, तर बहुधा एसएमपीएसने स्वतःचे संरक्षण म्हणून पुरवठा तोडलेला असतो. मल्टिमीटर असणाऱ्याकडून, काम चालू असताना, एसएमपीएसच्या पिवळ्या तारेवरचा विजेचा दाब मोजून घ्या, तो ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत असला पाहिजे. मात्र क्षणभराची घसरण मीटरवर दिसत नाही, म्हणून ओळखीच्या कोणाचा चांगला एसएमपीएस एक दिवस लावून पाहणे हीच खरी चाचणी होय. तुमचा एसएमपीएस स्वतः उघडू नका. वायर काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) जीवघेणा दाब शिल्लक असू शकतो.

यूपीएसची बॅटरी आपल्या उन्हाळ्यात लवकर संपते. ती निकामी असेल तर वीज डोळ्यांना जाणवणारही नाही इतकी लवली तरी संगणक जातो. दोन दिवस संगणक थेट भिंतीच्या प्लगवर चालवा, म्हणजे कळेल. कॅबिनेटचे बटण आत अडकत नाही ना, हेही पाहा, कारण ते चार सेकंद दाबलेले राहिले की संगणक बंदच होतो.

एवढे सगळे करूनही फरक पडला नाही, किंवा प्रोसेसरजवळच्या कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली, तर मदरबोर्डविषयी दुकानदाराचे म्हणणे मी मान्य करीन. तोपर्यंत तुम्ही उतरवलेल्या वेळा, कामात असतानाचे तापमान आणि यूपीएसशिवाय काय घडले, या तीन गोष्टी इथे कळवा. पुढचे मी सांगतो.