‘पोटरीत गोळा आला’ हे इंग्रजीत कसं सांगायचं?

तुम्ही विचारलंय की रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो, कधी पाठीत उसण भरते. कंपनीतल्या परदेशी लोकांना ‘माय लेग इज पेनिंग’ असं सांगितलं तर चालेल का.

नाही चालणार. कळेल, पण कानाला खटकेल. इंग्रजीत पाय ‘हर्ट’ करतो: ‘माय लेग हर्ट्स’. ‘पेन’ हे नाम ठेवा: ‘आय हॅव अ पेन इन माय लेग’. क्रियापद म्हणून ते आता बहुतेक मनाच्या दुःखापुरतं उरलंय: ‘इट पेन्स मी टु से धिस’. ‘आपल्याकडं सगळे असंच बोलतात’ हे उत्तर मला शिकवणीवाल्यांकडून कितीदा मिळालंय. कोल्हापुरात, बिंदू चौकात चालेल की! पण तुम्हाला बोलायचंय तिकडच्या माणसाशी.

गोळ्याचा ‘बॉल’ करू नका, शब्द ‘क्रॅम्प’च. ‘आय गॉट अ क्रॅम्प इन माय काफ लास्ट नाइट.’ ‘काफ’मध्ये ल लिहितात, उच्चारत नाहीत. इंग्लंडचा माणूस बहुधा ‘अ’ गाळून ‘आय गॉट क्रॅम्प’ म्हणेल, अमेरिकन माणूस पायातल्या गोळ्याला ‘चार्ली हॉर्स’ही म्हणतो. अवयवाचं नाव मात्र गाळू नका. नुसतं ‘आय हॅव क्रॅम्प्स’ म्हटलं की ऐकणारा पाळीचं किंवा पोटाचं दुखणं समजतो.

अचानकपणा दाखवायला दर वाक्यात ‘सडनली’ कोंबायची गरज नाही, ते काम क्रियापद करतं. जोतिबाच्या पायऱ्या चढताना पोटरी आखडली तर: ‘आय वॉज क्लाइंबिंग द स्टेप्स व्हेन माय काफ सीझ्ड अप.’ झोपमोड झाली तर: ‘अ क्रॅम्प वोक मी अप.’ ताणल्यावर गोळा उतरला तर: ‘आय स्ट्रेच्ड इट अँड इट ईज्ड ऑफ.’ सकाळी पोटरी हुळहुळत असेल तर: ‘इट्स स्टिल सोअर.’

हा ‘सोअर’ नीट धरा. तालमीत पहिल्या दिवशी बैठका मारल्या आणि दुसऱ्या दिवशी मांड्या धरल्या, तर तो क्रॅम्प नव्हे: ‘माय थाइज आर सोअर’. रंकाळ्याभोवती पळताना बरगडीखाली कळ आली तर ‘आय हॅव गॉट अ स्टिच’, एकवचनीच. ‘स्टिचेस’ म्हटलं की टाके.

उसण भरली: ‘आय पुल्ड अ मसल इन माय बॅक’. मान आखडली: ‘आय हॅव अ क्रिक इन माय नेक’. क्षणभर चमक आली तर ‘ट्विंज’. तीच कमरेतून पायात उतरत गेली तर ‘अ शूटिंग पेन डाउन माय लेग’. ठणका म्हणजे ‘थ्रॉबिंग’, सतत बारीक दुखतं ते ‘डल एक’ (dull ache), मुंग्या म्हणजे ‘पिन्स अँड नीडल्स’. ‘स्ट्रेन’ स्नायूचा, ‘स्प्रेन’ सांध्याच्या बंधांचा. त्यामुळं घोटा मुरगळला तर ‘आय स्प्रेन्ड माय अँकल’. इथं बरेच जण उलटं बोलतात.

एक सांगायचं राहिलं. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखणं उतरेना, तर तो साधा गोळा समजू नका, लगेच दाखवा. छातीत आवळल्यासारखं होऊन कळ हातात किंवा जबड्यात गेली तर शब्द शोधत बसू नका, १०८ लावा. परदेशात असाल तर ‘माय चेस्ट फील्स टाइट, अँड इट्स स्प्रेडिंग टु माय आर्म’ एवढं पुरेसं आहे, पण तिथला आपत्कालीन नंबर आधीच माहीत करून ठेवा.

आणि डॉक्टर कोल्हापुरातले असतील तर सरळ मराठीत सांगा. चमक, ठणका, कळ, मुरडा यांतला फरक त्यांना पक्का कळतो. ‘पेनिंग’ म्हटलं की तो सगळा पुसला जातो आणि दुखणं नेमकं कसं आहे, हे त्यांना पुन्हा विचारावं लागतं.